फेऱ्याला बांध

२१ जून

शिवानी काहीतरी लपवतेय. आई आहे मी, मला कळतं!

सकाळपासून स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली. कानात हेडफोन, हातात मोबाईल. रेंज म्हणे तिथंच येते. हाका मारल्या, ढिम्म. खांद्याला धरून हलवलं तेव्हा म्हणाली, "आई, व्हिडिओ चाललाय. कोडिंगचा."

भोरच्या कॉलेजातून बी.ए. केलं आणि आता एकदम कोडिंग! पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची परीक्षा आहे, जुलैच्या शेवटच्या रविवारी. त्यात पास झाली तर पुढचं शिकवून नोकरी देणार. इकडे गेनबाभावजींनी, आमच्या थोरल्या दिरांनी, वेल्ह्याकडचं स्थळ आणलंय. हिनं परीक्षेपर्यंत थांबा म्हटलं. भावजी ओसरीवर बसून मला म्हणाले, "सुलक्षणा, पोरगी खरंच शिकतीया का नुसता टाईमपास, ते तूच बघून सांग. तू म्हणशील तसं करू."

हे कायम टेम्पोवर. त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात.

२४ जून

आज सरळ विचारलं. काय शिकलीस?

"लूप."

म्हणजे काय?

"तेच तेच पुन्हा पुन्हा करायला लावायचं."

मग मी जन्मभर काय करतेय? हसलीसुद्धा नाही. कागद पुढे सरकवला. म्हटलं, लिहून दाखव. दोन ओळी लिहिल्या आणि पेन चावत बसली. "व्हिडिओत बघताना येतं गं!" बघताना काय, सगळ्यांनाच येतं. ह्यांच्या शेजारी बसून बघताना मलाही टेम्पो चालवता येतो.

माझा संशय वाढलाय. व्हिडिओ हे निमित्त असणार. पलीकडे कुणीतरी आहे.

२६ जून

दूध उतू चाललं. मी भाकरी थापत होते, "अगंबाई, दूध!" असं स्वतःशीच म्हणाले. उंबऱ्यातली ही पटकन उठली आणि गॅस बंद केला. वास आला म्हणे.

नाक बरं चालतं. कान तेवढे गेलेत.

२९ जून

नसरापूरला गेले होते, प्रशिककडे. माझ्या अंगणवाडीत चड्डी सावरत यायचा, आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटर शिकलेला आहे. त्याला म्हटलं, शिवानी खरं शिकतेय की सोंग आणतेय, हे ओळखायचं कसं?

"बाई, तुमीच शिका थोडं. मंग प्रश्न विचारा तिला."

मी? बारावी पास, तेही मराठीत!

त्यानं आतून एक जुनं पुस्तक काढून दिलं. सगळं मराठीत समजावलंय. म्हणाला, "व्हिडिओ बघून म्याबी लई फसलो. त्यो मानूस भराभर लिवतो, आपन मान डोलावतो. आपल्याला आलं असं वाटतं. येत कायबी न्हाई. ह्ये वाचा, आन् कागदावर हातानं करून बघा. चुकलं तर चुकू द्या."

पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. शिवानीला कळता कामा नये. चोराला पकडायचं तर आधी सांगून कसं चालेल!

३ जुलै

मला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही कळत नाही. अंगणवाडीची सवय. बरं, शिवानी उंबऱ्यात असली तरी कानात हेडफोन, तिला काय ऐकू येणार? मी फोडणी घालता घालता वाचते. एक एक ओळ दोनदा, तीनदा. मग कोळशानं चुलीपुढच्या फरशीवर करून बघते आणि पुसून टाकते.

आज लूपचा धडा. पहिल्यांदा डोक्यावरून गेला. मग एकदम लख्ख दिसलं! भातलावणीआधीच्या चिखलणीचा फेरा. औत खाचराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जातं, पुन्हा परत येतं, बांध आला की थांबतं. बांधच नसेल तर औत शेजाऱ्याच्या खाचरात! मोठ्यानं म्हटलं, "फेऱ्याला बांध पाहिजे गं बाई, बांध!"

एवढा आनंद कितीतरी दिवसांनी झाला. कुणाला सांगणार?

९ जुलै

लावणी सुरू. कंबर मोडली. तरी रोज एक पान.

१६ जुलै

भावजी आले होते. वेल्ह्याची माणसं घाई करतायत. आषाढ संपला की येतो म्हणतात. रविवारी, सत्तावीसला. म्हणजे नेमकं परीक्षेच्या दिवशी!

माझ्याकडे बघत राहिले. मी सांगून टाकलं. उंबऱ्यातच उभी होते, शिवानी पायाशी बसलेली, हेडफोन लावून, मान खाली. "भावजी, नुसती मान हलवती मोबाईलम्होरं. डोक्यात कायबी शिरत न्हाई तिच्या. तुमी बोलवा पावण्यांना."

"आन् परीक्षा?"

"त्ये माझ्याकडं लागलं. सकाळच्याला पोट दुखतंय म्हणून आडवी होईन. मला टाकून ती न्हाई जायाची."

भावजी चहा पिऊन गेले. कपबशी तिनंच उचलली.

मी वाईट काही केलेलं नाही. मुलगा चांगला आहे. पोरीचं भलंच बघतेय.

१७ जुलै

शिवानी जेवली नाही धड. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. डोळे लाल. आता तर खात्रीच झाली. कुणीतरी आहे आणि त्याच्याशी बिनसलंय!

२२ जुलै

आज मी स्वतःचं एक गणित केलं. पुस्तकातलं नाही, आमच्या सावडीचं. लावणीला शेजाऱ्यांची माणसं आमच्याकडे येतात, मग आम्ही तेवढे दिवस त्यांच्याकडे जाऊन फेडायचे. दिवस फिटेपर्यंत फेरा चालू ठेवायचा. फिटले की थांबायचं. सोपं!

पण आमच्या सासूबाईंची रीत वेगळी. सावड पुरती फेडायची नाही. एक दिवस फेडायला गेलं की येताना त्यांना म्हणायचं, "परवा या आमच्यात." असं अडकलेलं असलं की माणसं सुटत नाहीत, असं त्या म्हणायच्या. मीही तेच करत आलेय. कागदावरही तसंच लिहिलं.

आता हे मोबाईलमध्ये चालवून बघावंसं वाटतंय. माझा फोन साधा, बटणांचा; तसला मोबाईल शिवानीकडेच.  परीक्षा तिची आणि घाई मला!

२५ जुलै

राहवेना. कागद तिच्यापुढे टाकला. म्हटलं, प्रशिकनं दिलाय, तुला येतंय का बघायला. हेडफोन काढला तिनं. वाचलं.  मग मोबाईलमध्ये घातलं. आकडेच आकडे पळायला लागले. थांबेचनात! मला वाटलं मोबाईल जातोय.

ती म्हणाली, "आई, एक दिवस फेडलास की लगेच एक मागून घेतेस. मग सावड फिटणार कधी? फेऱ्याला बांध कुठाय ह्यात?" आणि पेन घेतलं, एक ओळ मध्ये घातली, थांबायची अट वर उचलून ठेवली. पुन्हा चालवलं. आकडे आले, आणि थांबले.

व्हिडिओ नाही, काही नाही. समोर कागद आणि हातात पेन. त्या दिवशी दोन ओळींत अडलेली पोरगी!

मला आनंद व्हायला हवा होता. पण बांध? बांध हा शब्द पुस्तकात नाही, व्हिडिओवाल्याच्या तोंडी तर नाहीच. तो माझा. चुलीपुढे मी म्हटलेला, आणि ह्या वहीत लिहिलेला. म्हणजे वही वाचते! वही आता तांदळाच्या पिंपात. आणि तो हेडफोन उद्या प्रशिकला दाखवणार. त्यातून कोण काय बोलतं ते मला कळलंच पाहिजे.

२६ जुलै

प्रशिकनं हेडफोन हातात घेतला न घेतला तोच म्हणाला, "बाई, ह्यो परत आनला व्हय? शिवानीनं जूनच्या सुरवातीलाच दावला हुता. आतनं तार तुटलीया. ह्यातनं कायबी ऐकू येत न्हाई. म्या टाकून दे म्हनलं, तर म्हनाली, ऱ्हाऊ दे, कानात असला म्हंजी कुनी कामाला उठवत न्हाई."

जूनच्या सुरुवातीला!

म्हणजे दुधाचा वास आला नव्हता, माझं बोलणं ऐकू आलं होतं. म्हणजे पुस्तक तिनं ऐकलं, माझ्या तोंडून, ओळन् ओळ. आणि डोक्यात काही शिरत नाही हेही ऐकलं. पोटदुखीसुद्धा. ऐकून कपबशी उचलली माझ्या पोरीनं.

एसटीत पदर तोंडाला लावून रडले. लाज वाटली, फार वाटली.

घरी येऊन हेडफोन होता तिथं ठेवला. तिनं घेतला, कानात घातला, उंबऱ्यात बसली. मी चुलीपाशी उभं राहून भावजींना फोन लावला आणि अंगणवाडीत पोरांवर ओरडते तेवढ्या आवाजात म्हणाले, "पावण्यांना उद्या येऊ नका म्हणावं! शिवानीची परीक्षा हाय. तिला येतंय सगळं, म्या बघितलंय. आन् माझं पोट ठणठणीत हाय!"

मागे वळून बघायचा धीर झाला नाही. भाकरी थापत राहिले.

जरा वेळानं उंबऱ्यातून आवाज आला, "आई, सकाळी पुण्याची पहिली एसटी किती वाजता गं?"