अक्षदाच्या वाढदिवसाचा बॅनर

आसनगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

दीपेशराव,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं-माझं काही वाकडं नाही. फोनवर लिहिलेलं तुम्ही वाचलंच नाही म्हणता, म्हणून हा कागद.

अक्षदाच्या वाढदिवसाचा बॅनर मुरबाडच्या नाक्यावर पाहिला. चांगला मोठा आहे. तुमचा गॉगल, गळ्यातली चेन, कानाला फोन लावलेली पोझ, सगळं झकास आलंय. कोपऱ्यात एक मुलगीही आहे. वाढदिवस तिचा होता, हे अंदाजाने कळतं.

महिन्याचे पैसे कोर्टाने सांगितले तेवढे तुम्ही देता, उशिरा का होईना. दवाखान्याचा खर्च निम्मा-निम्मा, यावरही तुमचीच सही आहे. पण अक्षदाच्या चष्म्याचं विचारलं तेव्हा काय म्हणालात?

"चष्मा दवाखान्यात मिळत नाय, दुकानात मिळतो. तो खर्च त्याच्यात बसत नाय."

एवढं डोकं मंडपाच्या धंद्यात लावलं असतंत, तर बॅनरवर नुसता फोटो नाही, कामही दाखवता आलं असतं.

पोरगी वर्गात फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून लिहिते, असं बाईंनी मला बोलावून सांगितलं. हेही मी तुम्हाला कळवलं होतं. तेव्हा तुम्ही बॅनरसाठी फोटो निवडत असाल.

बॅनर बघायचा हट्ट तिचाच. रजा टाकून एसटीने घेऊन गेले. खाली उभी राहून, डोळे बारीक करून बघत राहिली.

"पप्पा दिसतात गो आई. खाली काय लिवलंय?"

एवढाली अक्षरं, दीपेशराव.

मी वाचून दाखवलं, 'पप्पांची परी'. तिने परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. रस्त्यात उभं राहून तुमचं कौतुक मी मोठ्याने वाचलं.

दुसऱ्याच दिवशी शहापूरहून चष्मा आणला. ओव्हरटाइमचे पैसे होते. "कुणी दिला?" असं तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून "पप्पांनी" निघून गेलं. ते तुमच्यासाठी नव्हतं, गैरसमज नको. त्या काचांना ती कुणाला हात लावू देत नाही. शाळेत सगळ्यांना सांगून झालंय.

रविवारी ती तुम्हाला थँक्यू म्हणायला फोन करेल. तेव्हा मला खोटं पाडायला जाऊ नका, शाळेत खोटी ती पडेल. "आवडला का?" एवढंच विचारा. त्याला खर्च येत नाही. निम्मासुद्धा नाही.

तुमची कुणी नसलेली,
अक्षदाची आई
सोनाली