फुकटची माती

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्याच ड्रायव्हरच्या हाती देतेय. फाडायचं तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग.

आईचा गुडघा दुखतोय तसाच. रजा टाकून घरी आले, तर बाबा मला चहासुद्धा घेऊ देईनात. हात धरून थेट मागच्या अंगणात नेलं. पाणी साचायचं तो सगळा खोलगट भाग आता सपाट, विहिरीच्या कठड्यापर्यंत नवी माती आणि तिच्यात टोमॅटोची रोपं. लेकाने ट्रक भरभरून माती टाकली, एक पैसा घेतला नाही, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी कौतुकाने वाकले आणि रॉकेलसारखा भपकारा नाकात गेला. बोटांनी उकरलं, तर निळ्या फितीचा तुकडा हाताला लागला.

ती फीत मीच बांधते रे! त्या ओसाड माळावरच्या जुन्या डेपोत इंधनाच्या टाक्या वर्षानुवर्षं गळल्या, तेल जमिनीत मुरलं, खालच्या पाण्यापर्यंत उतरलं. आम्ही उन्हात करपत बोअर मारतो, माती तपासतो, नासलेल्या जागी खुंटी ठोकून निळी फीत बांधतो. तेवढी माती उचलून शुद्धीकरणाच्या आवारात पोचवायची, एवढंच तुझं काम होतं. रस्ता लांबचा आणि खराब आहे, मान्य. पण तुझे ट्रक दिवस मावळायच्या आत परत यायचे, साहेब तुझ्या वक्तशीरपणाचे गोडवे गायचे आणि मी मूर्खासारखी मान ताठ करून ऐकायचे. डिझेल वाचवत होतास होय!

माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. फोनवर मी नुसतं माती एवढंच म्हटलं आणि तू फोन ठेवलास. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडलीस तरी पुढे मला करायचास, आणि मीही तुझ्यावर पांघरूण घालायचे. आता नाही घालणार. ऑफिसात मी सगळं कळवलंय. बाकीचे ट्रक कुठे रिकामे केलेस, ते साहेबांना सांग. इतका संताप मला आजवर कुणाचा आला नव्हता.

बाबांना मात्र अजून काही बोलले नाही. विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. तोवर त्यांनी त्यातला थेंबही पिऊ नये म्हणून पंपाची वायर मीच गुपचूप कापली आणि पंप बिघडला म्हणून सांगितलं. कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी आणतेय. शेजारचे काका वायरमनला बोलवायला निघाले होते, बाबांनी त्यांना अडवलं. परक्याला कशाला बोलवायचं, माझा लेक येऊन नीट करेल, म्हणाले. तू फोन घेत नाहीस म्हटलं, तर कामात असेल म्हणतात. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेत. ये, आणि पंप का बंद आहे ते तूच त्यांना सांग.

कितीही चिडले तरी तुझीच,
ताई