फोनवर राहिलेला शब्द

१२ नोव्हेंबर

ती. आईंना नमस्कार,

तुमचं पार्सल पोचलं. गुडघे कसे आहेत? इथे थंडी पडू लागली आहे. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे जेवतोखातो, कामावर जातो.

टोपडी फार सुबक विणली आहेत. मोठ्या मापाचं आधी विणलंत, का तर "पोरं भराभर वाढतात". वाचून हसू आलं. मग मी ती कपाटात ठेवली.

मी डाव्या कुशीवर झोपते ना, असं तुम्ही विचारलंत. झोपते. सवय जात नाही.

आई, त्या दिवशी हे फोनवर सांगायला लागले होते, "हिला दिवस गेले होते." त्यातला 'होते' घशातच राहिला. तुम्ही आनंदाने शेजारणीला हाक मारलीत आणि ह्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. मी समोरच उभी होते. पहिल्या दोन वेळांसारखंच ह्याही खेपेला राहिलं नाही. आदल्याच दिवशी मी दवाखान्यातून घरी आले होते.

दुकानात मी दातदुखीची रजा टाकते. तिथल्या मैत्रिणींच्या हिशेबाने माझ्या तोंडात आता एकही दात नसावा.

डॉक्टरीणबाई नीट समजावतात. गर्भाशयात पडदा असता तर दुर्बिणीतून काढला असता, तो नाही. रक्त गोठण्याचा दोष असता तर गोळी आणि रोज पोटात इंजेक्शन, तोही नाही. आता दोघांची गुणसूत्रं तपासायची. त्यात काही निघालं तर गर्भ बाहेर तयार करून, तपासून मग गर्भाशयात ठेवता येतो. काहीच निघालं नाही, तरी पुढच्या खेपेला सुखरूप होणाऱ्या पुष्कळ असतात, म्हणाल्या. मी मान हलवते. शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स असते.

हे येत नाहीत. "मला काय धाड भरलीये?" म्हणतात. मला राग येतो, आणि फार एकटं वाटतं. पण परवा तुम्ही बाळासाठी नावं सुचवत होतात, तेव्हा हे नुसतं हो हो करत राहिले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. बादली भरून वाहत राहिली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी ह्या तपासणीसाठी रक्त द्यायला माझ्याबरोबर यावं, एवढंच मला हवंय. माझं ऐकायचे नाहीत. पत्र वाचून मला फोन करू नका, त्यांना करा. रागावू नका, तपासणीचंही आधी काढू नका. "तू कसा आहेस रे?" एवढंच विचारा. त्यांना हे कुणीच विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

तुम्ही विचाराल तेव्हा भिंतीपलीकडे उभी असलेली,
तुमची सून