आत्याच्या माघारी

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिवणकाम करणारी, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. उद्या माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डोक्यावर जुन्या टाक्यांचा व्रण असला, तरी डोके ठिकाणावर आहे. भीती मात्र वाटते, ती लपवत नाही.

१. शिलाई मशीन काजे-बटणे करणाऱ्या माझ्या मदतनीस बाईंना द्यावे. मोठी कात्री वहिनीने 'दोनच दिवसांसाठी' नेली होती. ती तिलाच लखलाभ.

२. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पुतणीची. ती सज्ञान होईपर्यंत भावाने सांभाळावी. कारण लिहिते. रिक्षा उलटली तेव्हा आम्ही दोघी आत होतो; दोघींच्याही डोक्याला मार लागला. ती दोन वर्षांची, मी पन्नाशीला टेकलेली. डॉक्टर म्हणाले, "पोर लहान आहे, भरून निघेल. काळजी आहे ती तुमची." झाले उलटेच. माझे हात हळूहळू पुन्हा कापड बेतू लागले, कारण जन्मभर शिकलेले आत शिल्लक होते. तिच्याकडे परत यायला काही नव्हतेच. सगळे नव्याने शिकायचे, तेही दुखावलेल्या मेंदूने. बोलायला वेळेवर लागली, म्हणून सगळे निर्धास्त झाले. पुढे वाचन, पाढे, घड्याळ आले आणि गाडी अडली. शिकलेले आज येते, उद्या जाते.

३. भाऊ वाईट नाही, पण डॉक्टरांचे ते वाक्य धरून बसला आहे. "ती कधीच बरी झाली, ताई. आता नुसती नाटकं करते. कालच तर शिकवलं होतं!" यातले शेवटचे वाक्य या घरात कोणी उच्चारू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील हसून म्हणाले. तरी लिहिते.

४. घराचे कुलूप बदलू नये. माणूस गेले की वारस आधी कुलूप बदलतात. हे जुने आहे; किल्ली थोडी बाहेर ओढून उलटी फिरवावी लागते. ते शिकायला पोरीला अख्खा उन्हाळा लागला. आता शाळेतून येऊन एकटी उघडते आणि "आत्या, उघडलं गं!" म्हणून ओरडते. नव्या कुलपात किल्ली फिरली नाही, तर ती कोणाला हाक मारणार नाही. आपलेच चुकले असे समजून पायरीवर बसून राहील. मला मरणापेक्षा त्या पायरीची भीती वाटते.

साक्षीदार:
कोपऱ्यावरचे किल्लीवाले (कुलपाला तेल घालत राहीन, असे कबूल केले आहे)
समोरच्या घरातील निवृत्त नर्सबाई

स्थळ: राहते घर
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस
सही: माझीच आहे. वाकडी आली, तरी माझीच.