उलट्या पंख्याचं विमान-इंजिन

बीड,
११ फेब्रुवारी २०२४

त्रिंबक यास अजीजचा सलाम.

तू फोन कापतोस, म्हणून पत्र. नाशिकला लेकीकडे खुशाल असशील. गुडघा कसा आहे? इकडे तुझी भाभी अजमतबी ठीक. रोज तुला शिव्या देते, म्हणजे आठवण काढते.

आता ऐक. इंजिन चाललं! आपलं विमानाचं इंजिन, जुन्या मोटरसायकलींची तीन सिलिंडर चांदणीसारखी गोल लावलेलं. "याच्यावर पिठाची गिरणी बी चालायची न्हाई," असं म्हणून तू निघून गेलास ना? तेच. लिंबागणेशच्या माळावर पेट्रोल संपेपर्यंत धडधडलं.

तिथं जागा देणाऱ्या अमरसिंहांच्या रानात बैलगाडीवर बसवलं होतं. बैल सोडले, तू कोरलेला पंखा पुढं लावला. गाडी पुढं ओढली जाणार म्हणून चाकांपुढं मोठाले दगड ठेवले. मागं कोण कशाला ठेवतो? मागं तर अमरसिंहांनी गावासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मी दोरी ओढली. दोनदा नुसतं खोकलं, मग असं गरजलं की माझ्या अंगावर काटा आला.

आणि गाडी निघाली मागं, थेट खुर्च्यांवर! अमरसिंह धोतर सावरत पळाले. "अजीजमियाँ, आवरा की! कावून मागं यायलंय हे?" अजमतबी हसून हसून खालीच बसली. मी मात्र नाचत होतो. उलटी का होईना, अख्खी बैलगाडी हलवली त्यानं!

पेट्रोल संपल्यावर उलगडा झाला. पंखा तू समोरून बघून कोरलास, इंजिनाची फिरकी मी मागून बघून ठरवली. समोरून जे उजवीकडं, ते मागून डावीकडं. दोघांचंही बरोबर. पण एका गॅरेजात पाठीला पाठ लावून काम करत होतो, एकमेकांशी बोलणं बंद. विचारणार कोण?

विमानाचा अजून पत्ता नाही आणि त्यात आधी कोण बसणार यावरून आपण अबोला धरला. शाब्बास आपली!

आता उलट्या पिळाचा नवा पंखा लागेल. अमरसिंह म्हणाले, "दुसरा सुतार बघू." मी नको म्हटलं. सागवानाची फळी आणून ठेवली आहे, तिला कुणाचा रंधा लागू दिलेला नाही. तू गेल्यापासून गॅरेज मला खायला उठतं. फोन उचलला असतास तरी हे बोललो नसतो.

हे इंजिन विमान उचलणार, त्रिंबक. आता मला पक्की खात्री आहे. पण तू शेजारी उभा राहिल्याशिवाय मी दोरीला हात लावणार नाही.

आणि आधी मीच बसणार. ते अजूनही सोडलेलं नाही. समोर येऊन भांड.

ये बे.

तुझा,
अजीज