अब्बांचा पंप

प्रिय आरिफ,

अब्बांसारखं पिक्चर ट्यूब दुरुस्त करायला तू पुण्याची नोकरी सोडलीस. जुने टीव्ही जमवणारे वाट बघताहेत म्हणालास. "भाई, पंप जपलाय न्हवं?" असं फोनवर विचारलंस, तेव्हा मी "व्हय की" म्हणालो.

ट्यूबमधली हवा ओढणारा तो पंप मी ईदेआधीच भंगारात घातला. जागा अडत होती, एवढंच. त्याच आठवड्यात गारगोटीच्या कारागीर मेळाव्यात, हातातली विद्या मोडीत काढू नका, म्हणून तासभर गरजलो. टाळ्या पडल्या. तसला पंप आता कुठं मिळत नाही, मी चौकशी केली.

रडू येत नाही. लाजही वाटत नाही.

उद्या तू येशील. अब्बांच्या दुकानाची किल्ली शेजारच्या ताजबीखालाकडं ठेवलीय. मला मुरगूडला सभा आहे.

तुझा भाई,
दस्तगीर