भावजींनी काशीत काय सोडलं

॥ श्री ॥

भवानीपूर, कलकत्ता
ता. ६ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. शकुन हीस आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हो गं बाई, मीच आहे. भूत नव्हे. भूत पोस्टकार्ड टाकत नाही, आणि टाकलंच तर तुझ्यासारखं निम्म्यात जागा संपली म्हणून पळत नाही. काशीवास घेतलेली बाई कलकत्त्याहून पत्र कशी लिहिते, असं विचारलंयस. तर ऐक. काशीवास मी घेतला नाही. मला दिला.

ह्यांची मोटार तुला ठाऊक आहे. लढाई संपल्यावर खिदिरपूरला जुन्या लष्करी गाड्या विकायला काढल्या होत्या. त्यातली जखमींना न्यायची एक लांबुडकी गाडी ह्यांनी घेतली आणि रविवारी रविवारी ठोकून तिचं घर केलं. दोन बाजूंना फळ्यांचे बिछाने, स्टोव्हला कोनाडा, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या. ह्याच घरातून तुला काशी दाखवतो म्हणाले. डायमंड हार्बरपर्यंत नेऊन आणलं आणि पुढल्या श्रावणात गेले.

यंदा दत्तात्रय भावजी पेन्शनीत निघाले. दिवाळीनंतर एकदम म्हणाले की दादाची इच्छा आपण पुरी करू, वहिनी, तुम्ही चला. मी रडले. मेली मी, खरोखर रडले! भावजी आणि त्यांची वृंदा फळ्यांवर झोपायचे, मी मधल्या वाटेत बटाट्याच्या पोत्याला डोकं टेकून. थंडी अशी की सकाळी तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडेना. वाटभर स्वयंपाक माझा, देवदर्शन त्यांचं. गयेला मात्र वृंदाने माझे पाय चेपले. तिथेच ओळखायला हवं होतं. ज्या बाईनं एका घरात राहून बारा वर्षांत मला पाण्याचा तांब्या दिला नाही, ती पाय चेपते म्हणजे काहीतरी शिजतंय.

काशीत ब्रह्मघाटावर भिकूबाई म्हणून एक आहेत. त्यांच्याकडे आपल्यातल्या विधवा बायका राहतात. भावजी म्हणाले की टायर बघून येतो, तोवर बसा इथे. मी आत जाऊन पाहते तो माझं गाठोडं माझ्या आधीच तिथे येऊन बसलेलं. टायर अजून बघताहेत.

काशीला गेलं की आवडती वस्तू सोडायची असते ना. लोक लबाड. नावडतं तेच सोडतात. कुणी कारलं सोडतं, कुणी कोहळा. भावजींनी वहिनी सोडली.

का, ते तुला सांगायला नको. त्यांच्या मनोहरचं लग्न फाल्गुनात आहे. घरात खोल्या दोन. एक नवराबायकोची, एक माझी. पोरगा आजवर बोळात खाट टाकून झोपतो. सुनेला बोळात कसं झोपवणार? म्हणून माझी खोली पाहिजे. मागितली असती तर कदाचित दिलीही असती. पण मला न विचारता मला पोत्यासारखं उतरवून ठेवलं, आता मरेपर्यंत देत नाही. ह्यांनी त्याच खोलीत डोळे मिटले.

ह्यांच्या बँकेतले श्यामराव सहकुटुंब काशीला आले होते, त्यांच्या पोराबाळांत मिसळून मी हावड्याला उतरले. दार मनोहरनं उघडलं. त्याचं तोंड पाहायला हवं होतंस. त्याला आईनं लिहिलं होतं की काकू आपखुशीनं राहिली. बिचारा पायावर पडला आणि म्हणाला की ही खोली मला नको. त्याच्यावर राग नाही. मोटार सध्या हरिद्वाराकडे आहे, महिनाअखेर येईल. मी इथे आहे हे त्या दोघांना कळवायचं नाही अशी मनोहरला शपथ घातली आहे. येऊ देत.

सदाशिवरावांना नमस्कार. त्यांचं पोट कितव्या भोकापर्यंत आलंय ते कळव, पट्टा पाठवते. आपला लोभ आहे तसाच राहू दे, निदान महिनाअखेरपर्यंत.

तुझी
आक्का

---

वाई
ता. १५ फेब्रुवारी १९५७

ती. गं. भा. आक्काच्या चरणी शकुनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी रडले, मग इतकी चिडले की दुधाचं पातेलं उतू गेलं. वृंदाबाईंचं कार्ड मलाही आलं होतं. लिहिलं होतं की जाऊबाईंना गंगाकाठ सोडवेना, आनंदाश्रू आले, त्यांचं भाग्य थोर. आणि मी येडी! तुझ्या काशीवासाच्या नावानं कृष्णेवर जाऊन पाच सवाष्णींच्या ओट्या भरल्या. आणखी पाच जणींसाठी आणून ठेवलेत, आता त्या खणांचं काय करू?

हे म्हणतात वकिलाला लिहू. पट्ट्याचं मात्र त्यांना वाचून दाखवलं नाही. मी म्हणते तू सरळ वाईला ये. मागची खोली रिकामी आहे. सासूबाई कुरकुरतील, पण त्या देवाला पाहूनही कुरकुरतात.

एक मात्र ऐक, आक्का. मोटार आली की दारात तांडव करू नको. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लहानपणी बापू सुताराच्या पोरानं तुझी पाटी फोडली तेव्हा तू त्याचं धोतर विहिरीत टाकलं होतंस. पण आपण बाई माणूस, त्यात तू अशी. तू ओरडलीस की चार माणसं त्यांचीच बाजू घेतील. म्हणतील, देवभोळा दीर, यात्रेला घेऊन गेला, हिलाच पचलं नाही. जे करशील ते गोड बोलून कर.

तब्येतीला जप. धाकटी म्हणून दटावते आहे ते पोटात घाल, आणि मायेचा हात काढू नको.

तुझी
शकुन

---

भवानीपूर
ता. १ मार्च १९५७

चि. सौ. शकुनला तुझ्या गुणी, गोडबोल्या आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि इतका फायदा होतो हे आधी कळलं असतं तर लहानपणापासून ऐकलं असतं.

तांडव नाही, की रडणं नाही. उलट मी इथल्या आपल्या सगळ्या घरांतून हिंडले. बायकांनी वृंदाची कार्डं काढून दाखवली. मी म्हटलं, खरं आहे, माझा जीव काशीत रमला होता; पण भावजी ऐकतात थोडेच? त्यांनी सांगितलं की वडीलधारं माणूस नाही ते घर कसलं, वहिनी, तुम्ही आगगाडीनं पुढे व्हा आणि आमच्या मावंद्याची तयारी करा. असा दीर सात जन्म मिळायचा नाही, असं प्रत्येक ओसरीवर सांगितलं. दोनतीन ठिकाणी डोळ्यांना पदर लावला. एके ठिकाणी खरंच पाणी आलं, त्या घरच्या बाई कांदे चिरत होत्या.

तर काशी करून आल्यावरचं मावंदं मी त्यांना न विचारता जमवलं. पुरण शिजवलं, पानं मांडायला शेजारच्या घोषबाबूंची गच्ची घेतली. मनोहरचा सासरा लग्नाच्या याद्या करायला जमशेदपूरहून आला होता, त्याला ठेवून घेतला. आप्पासाहेब नेने, इथले सगळ्यांत म्हातारे, त्यांना पहिलं पान. बर्दवानहून भावजींनी मनोहरला तार केली की उद्या दुपारी पोचतो. म्हणजे मुहूर्तही त्यांनीच दिला.

गल्लीच्या तोंडाशी मोटार वळली आणि सनईवाल्यानं सूर धरला. सवाष्णी पुढे, ताटात निरांजनं. मी आपली मागे, माझ्या जागेवर. भावजी मान डोलवत, हसत हसत गाडी आणत होते. मग त्यांना बायकांच्या खांद्यांवरून मी दिसले. ब्रेकाऐवजी भलतंच काहीतरी दाबलं आणि मोटार जाऊन विजेच्या खांबाला टेकली. ह्यांनी केलेली गाडी, पोचासुद्धा आला नाही. वृंदा उतरली ती भिंतीसारखी पांढरी. मी लांबूनच म्हटलं की आलीस गं बाई, केव्हापासून वाट पाहतेय, टायर मिळालं का?

पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. जो तो भावजींना म्हणे की धन्य तुमची, वहिनीला आईसारखं मानता. वृंदानं हरिद्वाराहून कथलाचा डाग लावून तोंड बंद केलेले गंगेचे गडू आणले होते, त्यांची पूजा झाली. कालीघाटाला गंगा उशाशी असताना ही बाई पाचशे कोसांवरून तीच आणते, पण मी म्हटलं असू दे, आज गोड बोलायचं.

पंगत बसली. आप्पासाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं की दत्तोपंत, काशीत काय सोडून आलात? भावजींच्या तोंडात पुरणपोळीचा घास. तो इकडून तिकडे फिरतोय, खाली जात नाही. वृंदा वाढता वाढता थांबली. त्यांनी काही सोडलंच नव्हतं गं! मला सोडलं तेवढंच, आणि मी तर वाढत होते.

मी पदर पुढे ओढला आणि गच्चीच्या दाराआडून हळूच म्हटलं की भावजींना स्वतःच्या तोंडानं सांगायला संकोच वाटतो, म्हणून मी सांगते. त्यांनी आपली खोली सोडली. विश्वेश्वरासमोर पाणी सोडून बोलले की नव्या सुनेला बोळात ठेवणार नाही, ती आणि मनोहर आमच्या खोलीत राहतील, आणि आम्ही दोघं दादाच्या मोटारीत झोपू, जन्मभर.

शकुन, पंगतीत कुणी पापड मोडेना. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले की लोक कारलं सोडतात, ह्या माणसानं छप्पर सोडलं. व्याही तर उष्ट्या हातानं उठला आणि भावजींना मिठी मारली. पाठीवर आमटीचा पंजा उमटला. भावजींनी घास गिळला आणि मान हलवली. न हलवून जातात कुठे? व्याह्यासमोर नाही म्हणायचं, की विश्वेश्वरासमोर खोटं पाडायचं?

मोटार अंगणात लावली आहे. आज संध्याकाळी दोघांच्या गाद्या मी स्वतः नेऊन घातल्या, वृंदाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

तुझ्या त्या खणांच्या चोळ्या शिव आणि एक इकडे लीनाला पाठव, सुनेला. जीव लावतेस तसाच लाव, पुढचं पत्र वाचायला पोट धरून बस.

तुझी
आक्का

---

वाई
ता. १२ मार्च १९५७

ती. गं. भा. आक्कास शकुनचा साष्टांग, पोट दुखेपर्यंत हसून झाल्यावर केलेला. वि. वि.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. आमटीच्या पंजापाशी आले तेव्हा सासूबाईसुद्धा हसल्या. मग सावरून म्हणाल्या की विश्वेश्वराच्या नावानं खोटं बोलणं बरं नव्हे. मी म्हटलं, देवाच्या दारात माणूस टाकून पळणं तरी बरं का? त्यावर जपाची माळ ओढायला लागल्या.

खण पाठवते. पण आक्का, आता पुरे हो. पुढे ऊन तापेल. पत्र्याची गाडी, साठीकडे झुकलेला माणूस. चैत्रात तरी त्यांना आत घे. तुझी खोली आता कुणी मागणार नाही, जिंकलीस.

आणि एक मनात डाचतंय. सगळं लिहिलंस, मोटारीचं, पुरणाचं, पण ब्रह्मघाटावर तू एकटी होतीस तेव्हाचं काही लिहिलं नाहीस. परक्या गावात, टाकलेल्या बायकांत, माझी आक्का कशी राहिली असेल ह्या विचारानं झोप लागत नाही. काय काय सोसलंस ते मला लिही. मला नाही लिहिणार तर कुणाला?

तुझ्या पायांची आणि पत्राची वाट पाहणारी
शकुन

---

भवानीपूर
ता. ५ मे १९५७

चि. सौ. शकुनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला. लग्नघर, मग पाहुणे, मग हे ऊन. लग्न छान झालं. लीना गोड पोरगी आहे, मराठी बोलते ती बिहारीत बोलल्यासारखी. तुझ्या खणाची चोळी घालून माझ्यासमोर चारदा मिरवली. आता तिच्या खोलीतून दिवसभर हसू येतं.

अंगणातून येत नाही. पत्रा सकाळी आठलाच तापतो. भावजी पंचा ओला करून डोक्यावर घेतात आणि मोटारीच्या पायरीवर बसतात. मी खिडकीतून रोज विचारते की काय भावजी, आज कुठला मुक्काम, प्रयाग आलं का? पहिल्यांदा हसायचे, आता उठून मागच्या बाजूला जाऊन बसतात. तिथेही माझी दुसरी खिडकी आहे.

मागल्या सोमवारी वृंदा आली. दारात उभी राहिली, आत येईना. म्हणाली की जाऊबाई, त्यांना रात्री धाप लागते, निदान तुमच्या खोलीत एका कोपऱ्यात अंथरूण घालू द्या. मी चुकले, असंही म्हणाली. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी तिला बसवलं, पन्हं दिलं, आणि म्हटलं की काशीतला शब्द मोडायला लावून मी कुठल्या नरकात जाऊ? तिनं पन्हं संपवलं नाही. पेला ठेवून गेली. तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे की शब्द कुणी दिलाच नव्हता. पण बोलायचं कुणासमोर?

मनोहर म्हणतो की काकू, आपणच आत घेऊ त्यांना, बोळात खाट आहे. भावजींनी बोळ पत्करला आहे. वृंदा एकटी मोटारीत झोपते. ते त्यांचं ते बघून घेतील. माझी खोली माझी आहे.

तू म्हणतेस पुरे. तू चांगली आहेस, लहानपणापासून आहेस, म्हणून तुझी पाटी कुणी फोडली नाही. सासूबाईंना सांग, विश्वेश्वराच्या नावाचं खोटं पुढल्या जन्मी फेडीन. सदाशिवरावांना नमस्कार, मुलांना गोड पापा. रागावलीस तरी पत्र टाक, राग एका कार्डात मावतो.

तुझी
आक्का

ता. क. काशीचं विचारलंस ते टाळत होते. काही सोसलं नाही मी. भिकूबाईंकडे सात जणी होतो. स्वयंपाकाची पाळी आठवड्यातून एकदा. लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या हातचं गरम मी तिथेच जेवले. पहाटे घाटावर बसायचं, भटजींच्या नकला करायच्या, नावेतून पलीकडे जाऊन बोरं खायची. हे गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तिथे. मी निघाले तेव्हा सगळ्या म्हणाल्या की जाऊ नको, आणि मलाही जायचं नव्हतं. हे असते तर म्हणाले असते, राहा. इथे ह्या खोलीत मला करमत नाही, शकुन. ह्यांच्यासाठी आले नाही मी. वृंदाला खोली मिळू नये एवढ्यासाठी आले.